दगडाचे वजन वजा

सोन्याच्या घड्याळांचा इतिहास लिहायला बसले की पहिली अडचण पुराव्याची येते. स्टीलचे घड्याळ बंद पडले तर कपाटाच्या खणात पडून राहते. कुणी ते फेकत नाही, कुणी विकतही नाही, कारण विकून हाती काही येत नाही. सोन्याचे घड्याळ बंद पडले की त्याला गिऱ्हाईक लगेच मिळते, आणि त्या गिऱ्हाइकाला घड्याळाशी काही कर्तव्य नसते. यंत्र बाजूला निघते, केस भट्टीत जाते, आणि काही तासांनी तिची लगडी होते. जी घड्याळे सर्वांत मौल्यवान होती, तीच सर्वांत कमी उरली आहेत.

मी ज्या घड्याळांविषयी लिहिते आहे त्यांच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. साधारण १९६० ते १९८० या काळात युरोपात, मुख्यतः स्वित्झर्लंडमध्ये, गळ्यात घालायची सोन्याची घड्याळे बनत होती. लांब साखळी, तिच्या टोकाला लॉकेटसारखे घड्याळ, आणि घड्याळाची तबकडी धातूची नव्हे तर खऱ्या दगडाची: निळा राजावर्त, हिरवा मॅलाकाइट, आकाशी पिरोजा, काळा ऑनिक्स, तपकिरी पट्ट्यांचा टायगर आय. बहुतेकांवर आकडे नसत, सेकंदकाटाही नसे. दोन बारीक काटे आणि खाली दगड. यांपैकी काही घड्याळे भारतातही आली. बेंगळुरूमध्ये ती कुठे गेली, हे शोधताना मी जिथे पोहोचले ते ठिकाण एखादे संग्रहालय नव्हते. ते नगर्तपेटेतले सोने गाळण्याचे दुकान होते, आणि तिथे मराठी बोलली जात होती.

पण आधी घड्याळ गळ्यात कसे आले ते पाहू.

खरे तर अंगावरचे घड्याळ आधी गळ्यातच होते. सोळाव्या शतकात न्यूरेंबर्गसारख्या जर्मन शहरांत स्प्रिंगवर चालणारी छोटी घड्याळे बनू लागली, तेव्हा ती खिशात मावण्याएवढी चपटी नव्हती. डबीसारखे ते जाड यंत्र साखळीने गळ्यात किंवा कमरेला अडकवले जाई, आणि पुरुषही ते तसेच वापरत. सतराव्या शतकात इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सच्या दरबारात लांब वेस्टकोटाची पद्धत आली, तसे पुरुषांचे घड्याळ खिशात गेले आणि चपटे होत गेले. स्त्रियांच्या पोशाखाला तसा खिसा नव्हता. त्यांचे घड्याळ साखळीला, ब्रोचला, कमरपट्ट्याला लटकत राहिले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात व्हिक्टोरिया राणीने पाटेक फिलिपचे निळ्या मिन्याचे, हिरेजडित लटकते घड्याळ घेतले, ही गोष्ट घड्याळांच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. तिच्यात आपल्या कामाचा मुद्दा असा की पुरुषाचे घड्याळ यंत्र म्हणून मोजले जात होते, तेव्हा स्त्रीचे घड्याळ दागिन्यांच्या पेटीत जात होते.

पहिल्या महायुद्धानंतर मनगटी घड्याळ सर्वांचे झाले आणि गळ्यातले मागे पडले. ते परत आले १९६० च्या दशकात, आणि त्यामागे फॅशनइतकेच यंत्रही होते. स्वित्झर्लंडच्या पियाजे कंपनीने १९५७ मध्ये फक्त दोन मिलिमीटर जाडीचे हाताने चावी द्यायचे यंत्र आणले. यंत्र इतके पातळ झाले की केसमध्ये जागा उरली. त्या उरलेल्या जागेत दगडाची चकती बसवता येईल, हे त्यांच्या लक्षात आले. १९६० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांच्या दगडी तबकड्या बाजारात आल्या, आणि १९६९ मध्ये त्यांनी लांब साखळीच्या गळ्यातल्या घड्याळांचा संग्रहच सादर केला. मग लहानमोठ्या अनेक स्विस कंपन्यांनी तीच वाट धरली.

दगडाची तबकडी करणे हे नाजूक काम आहे. दगडाचा काप एक मिलिमीटरहून पातळ काढायचा, तो पितळेच्या पातळ पत्र्यावर चिकटवायचा, घासून चकचकीत करायचा, आणि मग काट्यांसाठी बरोबर मध्यभागी भोक पाडायचे. दगडात न दिसणारी एखादी भेग असेल तर ती याच वेळी कळते. मॅलाकाइट मऊ, त्याला ओरखडे लवकर पडतात, आणि त्यात तांबे असल्याने त्याची धूळ पोटात जाणे घातक. ऑनिक्स कठीण, पण ठिसूळ. राजावर्तात सोनेरी ठिपके असतात, ते सोने नसून लोह आणि गंधकाचे खनिज असते. एका दगडातून काढलेल्या दोन चकत्याही सारख्या निघत नाहीत, म्हणून अशा प्रत्येक घड्याळाचा चेहरा वेगळा.

हे दगड आपल्याला परके नाहीत. राजावर्त हजारो वर्षे अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतून येत राहिला, आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतला निळा रंग त्याच दगडाच्या पुडीचा आहे. पिरोजा इराणातून आला आणि त्याचे नावही तिकडूनच आले. तरीही आपल्या दागिन्यांच्या हिशेबात या दगडांची जागा खालची. नवरत्नांत माणिक, मोती, पोवळे, पाचू, पुष्कराज, हिरा, नीलम, गोमेद आणि लसण्या आहेत. मॅलाकाइट नाही, ऑनिक्स नाही, टायगर आय नाही. ज्या दगडाला ग्रह नाही त्याला सराफाकडे भाव नाही. दागिना मोडायला नेला की अशा दगडाचे वजन वजा होते. गळ्यातल्या घड्याळाचे पुढे काय झाले, ते समजण्यासाठी हे एक वाक्य लक्षात ठेवावे लागते.

आता बेंगळुरू. युरोपात दगडी तबकड्यांची घड्याळे बनत होती, त्याच दशकात या शहरात घड्याळाचा अगदी वेगळा अर्थ घडत होता. हिंदुस्थान मशीन टूल्स म्हणजे एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने जलाहळ्ळीला घड्याळाचा कारखाना सुरू केला. तोवर भारतात घड्याळ म्हणजे बहुधा स्विस, आणि आयात कडक परवान्यांत बांधलेली. एचएमटीने दाखवून दिले की घड्याळ ही सायकल किंवा शिलाई मशीनसारखी गरजेची, देशात बनणारी वस्तू होऊ शकते. एका लोकप्रिय मॉडेलचे नावच ‘जनता’ होते. स्त्रियांसाठी ‘सुजाता’ होते. अंधांसाठी ब्रेल घड्याळही या कंपनीने बनवले. जुळणीच्या टेबलांवर मोठ्या संख्येने मुली बसत; डोळ्याला भिंग लावून केसाएवढी स्प्रिंग बसवण्याच्या कामाने अनेक घरांत पहिला स्त्रीचा पगार आणला.

मराठी घरांत एचएमटीचे घड्याळ लग्नाच्या यादीत गेले. जावयाला घड्याळ द्यायचे. मुलीला काय द्यायचे? सोने. त्या यादीत एक जुनी विभागणी दिसते: पुरुषाला वेळ आणि स्त्रीला वजन. नोकरी करणाऱ्या बायका मनगटी घड्याळ वापरू लागल्या, तेव्हा बांगड्यांच्या हातात त्याची अडचण होई. त्या काळच्या फोटोंत एका हातात बांगड्या आणि दुसऱ्यात घड्याळ असे दिसते. गळ्यातले सोन्याचे घड्याळ ही विभागणी मोडते. ते एकाच वेळी वेळही आहे आणि वजनही. म्हणूनच त्याला काय म्हणावे हे घरात कुणाला नीट कळत नसे. काहींच्या घरी ते ‘लॉकेटचे घड्याळ’ होते, काहींच्या घरी नुसतेच ‘लॉकेट’.

कायद्यालाही सोन्याचे वर्गीकरण करावे लागत होते. १९६२ च्या चीन युद्धानंतर परकीय चलनाची टंचाई होती आणि चोरट्या वाटेने येणारे सोने ही सरकारची मोठी डोकेदुखी होती. जानेवारी १९६३ मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्ण नियंत्रणाचे नियम आणले. नवे दागिने चौदा कॅरटच्या वर करायचे नाहीत, असा त्यातला सर्वांत वादग्रस्त नियम. चौदा कॅरट म्हणजे शंभरात सुमारे ५८ भाग सोने. बावीस कॅरटची सवय असलेल्या देशात ते सोने वाटलेच नाही. लोकांनी दागिने घडवणे थांबवले, हजारो सोनारांचे काम गेले, आंदोलने झाली, सोनारांच्या आत्महत्यांच्या बातम्या आल्या. चौदा कॅरटचे बंधन १९६६ मध्ये उठले, पण १९६८ मध्ये सुवर्ण नियंत्रण कायदा आला आणि तो १९९० पर्यंत राहिला. त्या कायद्यात सोन्याचे ‘दागिने’ आणि सोन्याच्या ‘वस्तू’ असे वेगळे वर्ग होते. लगडी आणि बिस्किटे साध्या माणसाने बाळगण्याला बंदी होती. दागिन्याला मात्र मोकळीक अधिक होती. त्यामुळे त्या बावीस वर्षांत सोने अंगावर घालण्याच्या रूपात असणे ही सुरक्षित गोष्ट ठरली.

यात एक गंमत आहे. ज्या शुद्धतेला आपल्याकडे लोक नाके मुरडत होते, ती स्विस घड्याळांच्या जगात नेहमीची होती. तिथे केस अठरा कॅरटची, म्हणजे शंभरात ७५ भाग सोने, किंवा चौदा कॅरटची. बावीस कॅरटचे सोने इतके मऊ की त्यात झाकणाची घट्ट धार टिकत नाही, चावीची खुंटी सैल होते, धूळ आत शिरते. जुन्या स्विस केसवर अठरा कॅरटसाठी हेल्व्हेशिया या देवतेच्या डोक्याचा छाप आणि चौदा कॅरटसाठी खारीचा छाप असे. सोनार त्या छापाकडे बघून मान डोलावत, पण भाव कसोटीवर घासूनच सांगत.

ही घड्याळे इकडे आली ती बहुधा माणसांबरोबर. आखातात नोकरीला गेलेले, जहाजांवर काम करणारे, आफ्रिकेतून परतलेले, परदेशी प्रशिक्षणाला गेलेले इंजिनियर. परतताना बायकोसाठी काय न्यायचे, या प्रश्नाला हे घड्याळ चांगले उत्तर होते: दिसायला दागिना, उपयोगाला यंत्र, अडचणीला सोने.

माझ्या मावशीकडे असे एक होते. तिचे यजमान १९७० च्या दशकात दोन वर्षे कुवेतला होते, तिथून त्यांनी आणले. मॅलाकाइटची लांबट तबकडी, गोल दोरासारखी पिळाची साखळी, अठरा कॅरट. मल्लेश्वरमच्या लग्नकार्यांत ती ते मंगळसूत्राच्या खाली घालत असे. मुली तिच्याभोवती जमून वेळ विचारत, आणि ती घड्याळ उचलून बघायची, कारण लटकते घड्याळ घालणाऱ्याला वर उचलूनच वाचावे लागते. १९८० नंतर कधीतरी ते बंद पडले. तोवर सगळीकडे क्वार्ट्झ घड्याळे आली होती, चावी द्यायची सवय मोडली होती. ते कपाटात गेले आणि तिथे त्याचे नाव बदलले. मावशी त्याला घड्याळ म्हणेनाशी झाली. “ते माझं सोनं आहे,” असे म्हणे. तिघी नातींना सारखे वाटून द्यायचे, हेही तिने सांगून ठेवले होते. एक घड्याळ तिघींत वाटता येत नाही. सोने वाटता येते.

ती गेल्यावर ते घेऊन आम्ही नगर्तपेटेत गेलो. मी मावसबहिणीबरोबर होते.

नगर्तपेट, चिकपेट, अव्हेन्यू रोड हा बेंगळुरूचा जुना पेठेचा भाग. केंपेगौडांनी सोळाव्या शतकात वसवलेल्या याच पेठेत १६३८ नंतर शहाजीराजांची जहागीर होती, म्हणून इथल्या मराठीचा विषय निघाला की गाडी शहाजीराजांवर येऊन थांबते. पण आज या गल्ल्यांत रोज ऐकू येणारी मराठी आणखी एका वाटेने आली आहे. सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी, तासगाव, कडेगाव आणि साताऱ्याकडचे माण, खटाव हे पावसाच्या छायेतले तालुके. तिथल्या कोरडवाहू शेतीवर घर चालेना, म्हणून विसाव्या शतकात तिथली माणसे सोने-चांदी गाळण्याचा धंदा शिकून देशभर पसरली. केरळ, तमिळनाडू, बंगाल, कर्नाटक. जिथे सराफ पेठ आहे तिथे विट्याच्या बाजूचा एखादा गलाईवाला सापडतो. गावी यात्रेला जायचे, घर बांधायचे, मुलांची लग्ने तिकडे करायची, आणि वर्षभर परक्या शहरातल्या दहा बाय दहाच्या खोलीत भट्टीपुढे बसायचे. महाराष्ट्राच्या स्थलांतराच्या इतिहासात गिरणी कामगारांना जेवढी जागा मिळाली, तिचा लहानसा भागही या गलाई बांधवांना मिळालेला नाही.

दुकानातल्या अण्णांनी घड्याळ हातात घेतले, उलटे केले, नखाने झाकण उघडले. मागचा छाप पाहिला, कसोटीच्या काळ्या दगडावर केसची कड घासली, तेजाबाचा थेंब सोडला. “साडेसातशेचं हाय ताई, बरोबर हाय,” म्हणाले. मग बारीक पेचकसाने यंत्र सोडवून वेगळे ठेवले. “ह्यात लोखंड असतंय. मुशीत गेलं तर सोनं फुटीर होतंय.” काच काढली, तबकडी काढली. मग नेहमीचे वाक्य आले: “दगडाचं वजन काय धरता येत नाय.”

मी त्यांना विचारले, अशी घड्याळे पुष्कळ येतात का? ते म्हणाले, त्यांच्या वडिलांच्या वेळी बरीच यायची, आता वर्षाला एखादे. दगडाचे काय करता? “लोक घेऊन जात्यात, नायतर पडून ऱ्हातंय. एकदा एक हिरवं चुकून भट्टीजवळ ऱ्हायलं, तर काळं पडलं.” हे अगदी बरोबर होते. मॅलाकाइट हे तांब्याचे खनिज. पुरेसे तापले की त्यातला पाण्याचा आणि कार्बनचा अंश उडून जातो आणि तांब्याचा काळा ऑक्साइड उरतो. रसायनशास्त्राच्या पुस्तकातली ही गोष्ट अण्णांना भट्टीने शिकवली होती.

सोने गाळण्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. मुशीत सोने टाकणखाराबरोबर वितळवतात. मग त्यात चांदी किंवा तांबे इतके मिसळतात की सोने एकूण वजनाच्या चौथाईवर येते. शुद्ध करायच्या वस्तूत आधी भेसळ वाढवायची, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटे वाटते. पण सोन्याचा अंश जास्त असेल तर तेजाब आतल्या धातूपर्यंत पोहोचतच नाही. चौथाईवर आणले की नायट्रिक आम्लात चांदी-तांबे विरघळते, पिवळट तांबूस धूर निघतो, आणि तळाशी सोने राहते. ते पिवळे नसते. विटकरी, मातकट भुकटी असते. धुऊन, वाळवून ती पुन्हा वितळवली की पिवळा रंग परत येतो. दुकानातली धूळ, राख, झाडूचे केरही फेकत नाहीत. त्यातून झारेकरी सोन्याचे कण धुऊन काढतात. सोन्याचा कणही वाया जाऊ नये म्हणून शतकानुशतके घडवलेली ही व्यवस्था आहे. तिच्यात वाया जाते ते बाकी सगळे.

मावशीच्या घड्याळाच्या केस आणि साखळीचे वजन बावीस ग्रॅम भरले. अठरा कॅरटच्या हिशेबाने साडेसोळा ग्रॅम शुद्ध सोने, त्यातून थोडी घट. तिघींच्या वाट्याला पाच-साडेपाच ग्रॅम. एकीच्या फीला त्यातला भाग गेला, दोघींनी कानातले केले. मावशीला जे हवे होते तेच झाले.

म्हणून मला या गोष्टीकडे नुसते हळहळून बघता येत नाही. जुन्या वस्तू जपण्याविषयी लिहिणारे लोक वितळवण्याला विध्वंस म्हणतात. १९८० च्या जानेवारीत जगभर सोन्याचा भाव औंसाला ८५० डॉलरवर गेला, तेव्हा युरोप-अमेरिकेतही कितीतरी सोन्याची घड्याळे भट्टीत गेली, आणि संग्राहक अजून त्याबद्दल चुकचुकतात. पण आपल्याकडे स्त्रीधन म्हणून आलेल्या सोन्याचे कामच वेळ पडल्यास वितळणे हे होते. बँकेत खाते नसलेल्या, सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईकडे तेवढीच मालमत्ता होती जी तिच्या शब्दावर मोडता येई. जे कधीच मोडायचे नाही असे सोने तिच्या उपयोगाचे नव्हते. नगर्तपेटेतला गलाईवाला त्या अर्थाने तिचा बँकर होता. घड्याळ वाचवण्यासाठी तिची इच्छा मोडायची, हा इतिहासाचा धर्म होऊ शकत नाही.

प्रश्न उरतो तो वजा केलेल्या गोष्टीचा. सोन्याची नोंद होते: वजन, कस, भाव, तारीख, सगळे कच्च्या पावतीवरही येते. त्या घड्याळाने स्त्रीच्या गळ्यात काय काम केले, ते कोणत्या वाटेने आले, कुणी घडवले, कधी बंद पडले, याची नोंद कुठेच होत नाही. केसच्या आतल्या बाजूला कोरलेला क्रमांक हा अशा घड्याळाचा जन्मदाखला असतो. त्यावरून पुष्कळदा बनवणारा आणि साल शोधता येते. केस वितळली की तो क्रमांक जातो. यंत्र आणि तबकडी अनाथ होतात. बेंगळुरूच्या रविवारच्या जुन्या बाजारात कधीकधी अशी नुसती यंत्रे प्लास्टिकच्या डब्यात ढिगाने दिसतात. ती चालूही असतात, पण त्यांना अंग नसते.

या शहराने वेळ आणि सोने दोन्ही हाताळले आहे. शंभर किलोमीटरवरच्या कोलारच्या खाणींतून एका शतकाहून अधिक काळ सोने निघाले. २८ फेब्रुवारी २००१ ला त्या बंद झाल्या. एचएमटीच्या घड्याळ कंपनीला टाळे लावण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला, आणि आता जलाहळ्ळीला तिच्या आठवणींचे संग्रहालय आहे. बेंगळुरूतून कारभार चालवणाऱ्या टायटनने १९९० च्या दशकात तनिष्क सुरू केले, तेव्हा आधी अठरा कॅरटचे दागिने आणि घड्याळे विकून पाहिली. गिऱ्हाइकाने ती फारशी स्वीकारली नाहीत आणि कंपनीला बावीस कॅरटकडे वळावे लागले; मोरारजींच्या चौदा कॅरटला मिळालेल्या उत्तराचीच ही सौम्य आवृत्ती. त्याच टायटनने अलीकडे अठरा कॅरट सोन्याच्या केसमध्ये संगमरवराची तबकडी बसवलेली, त्यावर शाकिर अली यांच्या हातचे लघुचित्र असलेली फक्त दहा घड्याळे बनवली. एकेकाची किंमत चाळीस लाखांच्या पुढे. म्हणजे तबकडीतल्या दगडाला या शहरात पुन्हा मोल आले आहे. मात्र ते नव्या घड्याळातल्या दगडाला आहे. जुन्या घड्याळातला दगड पेठेत अजून वजनातून वजाच होतो.

जुन्या दगडाला भाव मिळावा असे माझे म्हणणे नाही. नोंद मिळावी, एवढेच आहे. ज्या घरांत आई-आजीचे असे घड्याळ आहे आणि जे मोडायचे ठरले आहे, त्यांनी ते जरूर मोडावे. नेण्याआधी एका कागदावर इतके लिहावे: कुणाचे होते, कुणी कुठून आणले, साधारण कोणत्या साली, कोणत्या प्रसंगी घालत, तबकडीचा दगड कोणता, काट्यांवर आणि तबकडीवर नाव काय, झाकणाच्या आतले छाप आणि क्रमांक, एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचे वजन, ते कशासाठी मोडले आणि त्या सोन्याचे काय झाले. दोन्ही बाजूंचे फोटो काढावेत. झाकण उघडायला जमले नाही तर गलाईवाल्याला सांगावे. तो उघडणारच असतो, आणि वाचून दाखवायला त्याला मिनिटभरही लागत नाही. यंत्र आणि तबकडी मागून घ्यावी, आणि तो कागद त्याच डबीत ठेवावा.

शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. संग्रहालयात वाचलेल्या घड्याळाच्या चिठ्ठीवर बनवणाऱ्याचे नाव असते, साल असते, दगडाचे नाव असते. ‘फीसाठी मोडले’, ‘दवाखान्यासाठी मोडले’, ‘तिघींना वाटले’ ही नोंद तिथे कधीच नसते, कारण ती घड्याळे तिथवर पोहोचत नाहीत. आपल्याकडच्या सोन्याच्या घड्याळांचा खरा इतिहास त्याच नोंदींत आहे. त्या लिहून ठेवायला दहा मिनिटे लागतात. मूस तापायला त्याहून जास्त वेळ लागतो.